मोबिलिटी स्कूटर घेऊन क्रूझ: आत्याची गाडी न्यायची की घरी ठेवायची?

दादरकरीण:
घरात दोन तट पडलेत म्हणून इथे मांडते. माझी आत्या ७४ वर्षांची आहे. लहानपणी पोलिओ झाला होता, आता गुडघेही गेले. घरात काठी धरून चार पावलं टाकते, बाहेर बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर. (ॲक्टिव्हाला साइड व्हील लावतात ती नव्हे. माणसाच्या चालीने जाणारी, खुर्चीवर बसून समोरच्या दांड्याने वळवायची छोटी गाडी.) तिला बोटीने फिरायचंय. आमचं गाव मालवण. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. आत्याला आजोबा खांद्यावर घेऊन उतरवायचे. हे ती फार मायेने सांगते आणि पुढे म्हणते, "आता मात्र मला कुणी उचलायचं नाही."

आतेभाऊ म्हणतो, स्कूटर घरी ठेवू, घडीची व्हीलचेअर घेऊ, कुणीतरी ढकलेल. माझं मत ठाम उलट आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला चहा प्यायला जायचं तरी कुणाला तरी हाक मारावी लागते. आत्या एकदा हाक मारेल, दुसऱ्यांदा नाही. "तुम्ही जा, मी इथे बसते" म्हणेल, आणि आपण सगळे ते खरं मानून निघून जाऊ. हे मी लग्नकार्यात बघितलंय.

दादरमध्ये ती गाडी कशी चालवते तेही रोज बघते. फुटपाथ वीतभर उंच, जिथे उतार आहे तिथे नेमकी कुणाची तरी बाइक उभी, पेव्हर ब्लॉक उखडलेले. मग ती रस्त्याच्या कडेने जाते आणि मागून बस हॉर्न मारते. तरी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत एकटी जाऊन येते. जहाजावर सपाट मजले आहेत, लिफ्ट आहेत, वाहनं नाहीत. जिथे ही गाडी सगळ्यात चांगली चालेल तिथेच ती न्यायची नाही, हे मला पटत नाही.

फक्त क्रम बदलायला हवा. आपण आधी ऑफर बघतो, मग तारीख, आणि खोलीचं शेवटी. इथे आधी बंदर बघायचं: जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहून छोट्या बोटींनी माणसं नेतात? गोव्यात मुरगावला जहाज धक्क्याला लागतं. लक्षद्वीपला क्रूझचं जहाज समुद्रातच उभं राहतं, छोट्या बोटीत उतरावं लागतं. म्हणून लक्षद्वीप मी यादीतून काढलं. तुमचं काय म्हणणं?

गोरेगाव_पूर्व:
मी तुमच्या आतेभावाच्या बाजूने. राग मानू नका. माझ्या सासऱ्यांचं सगळं मी बारा वर्षं केलं, त्यामुळे हे पुस्तकी मत नाही.

प्रवासाची म्हणून जी हलकी स्कूटर मिळते तीसुद्धा बहुधा पंचवीस-तीस किलोची असते. साधी घडीची व्हीलचेअर तिच्या निम्म्याने. बॅटरी उतरली, कंट्रोलर बिघडला, की ती गाडी म्हणजे वाटेत पडलेलं ओझं. व्हीलचेअर बिघडून बिघडते किती? आणि अलार्म वाजला तर लिफ्ट वापरता येत नाहीत, तेव्हा स्कूटरचा काय उपयोग? माणसालाच उचलावं लागणार. "मला कुणी उचलायचं नाही" ही इच्छा मला समजते, पण समुद्रावर ती पाळता येईलच असं वचन तुम्ही आत्यांना देऊ नका.

शिडीचा, म्हणजे धक्का आणि जहाज जोडणाऱ्या फळीचा, उतारही लक्षात घ्या. मुंबईच्या बंदरात उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. सकाळी सरळ वाटलेली शिडी संध्याकाळी चढ होऊन बसते.

माजी_खलाशी_उरण:
जहाजांवर हाऊसकीपिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता घरी आहे. दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे.

शिडीचं गोरेगाव म्हणतात ते खरं. त्यात एक धोका लोकांना माहीत नसतो. स्कूटर ढकलायची झाली की मागचा फ्रीव्हीलचा खटका पाडतात. खटका पाडला की मोटरचा ब्रेक सुटतो. उतारावर माणूस बसलेला असताना तो खटका कधीही पाडू नका, गाडी थांबवता येणार नाही. आत्याबाईंनी शिडीपाशी गाडीवरून उतरून, हात धरून चालता येत असेल तर चालावं, नाहीतर जहाजाच्या व्हीलचेअरवर बसावं, आणि स्कूटर रिकामी न्यावी.

आता खोली. बऱ्याच जहाजांत साध्या खोलीचं दार ५८-६० सेंटिमीटर असतं, अपंगांसाठी केलेल्या खोलीचं ८० च्या आसपास. तुमची गाडी ५५ ची असली तरी साध्या दारातून वळवून आत येत नाही, कारण पॅसेज अरुंद आणि वळण काटकोनात. आणि गाडी पॅसेजमध्ये ठेवता येत नाही. हा आगीच्या वेळचा रस्ता असतो. ठेवलीत तर उचलून आत ठेवायला सांगणारच, मी स्वतः सांगितलंय, आणि त्या वेळी समोरच्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड बघवत नसे. चूक त्यांची नव्हती. बुकिंग करणाऱ्याने साधी खोली घेतलेली असायची.

साध्या खोलीच्या बाथरूमला चांगला उंच उंबरा असतो. काठीवर चालणाऱ्या माणसाचा पाय तिथेच अडकतो, तोही रात्री, जहाज हलत असताना. स्कूटरपेक्षा मला त्या उंबऱ्याची जास्त भीती वाटते.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. घरून एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, बहुतेक कंपन्या तो चढतानाच काढून घेतात.

चाकांवर_चेंबूर:
मी स्वतः व्हीलचेअर वापरते. गोरेगाव, तुमच्या बारा वर्षांबद्दल आदर आहे, पण तुमचं सगळं म्हणणं ढकलणाऱ्याच्या बाजूने आहे. अडचण आली की गाडी मागे ठेवा, हे आम्ही जन्मभर ऐकतोय. शाळेत, ऑफिसात, लग्नाच्या हॉलमध्ये. मॅन्युअल खुर्ची हलकी आहे हे तुमच्या हातांसाठी. आत्यांच्या खांद्यांत ती स्वतः फिरवायची ताकद नसेल तर त्या खुर्चीत त्या सामानासारख्या जाणार.

पण दादरकरीण, माझा तुम्हालाही विरोध आहे. तुम्ही लक्षद्वीप आपणहून काढून टाकलंत. कंपनीला निदान विचारलंत का? न विचारता माघार घेतली की कंपनीच्या दप्तरी "अशी मागणीच नाही" एवढंच उरतं. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, किमान काही बंधनकारक हवेत. अमेरिकेत २००५ मध्ये स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन हा खटला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अमेरिकी बंदरांतून जाणाऱ्या परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही तिथला अपंगांचा कायदा लागू होतो असं ठरलं. जहाजांची दारं आपोआप रुंद झालेली नाहीत. कुणीतरी भांडलं म्हणून झाली.

दादरकरीण:
चेंबूर, तुमचं भांडण योग्य आहे आणि पत्र मी लिहीनही. पण आत्याची सहल म्हणजे खटला नव्हे. तिला छोट्या बोटीत उतरायचं म्हणजे दोन अनोळखी माणसांनी काखेत हात घालून उचलणं आलं. तिने स्वतः नाही म्हटलंय. तिच्या नकाराला मी माघार म्हणणार नाही.

माजी_खलाशी_उरण:
छोट्या बोटीबद्दल: कागदावर "हो" मिळालं तरी त्या दिवशी लाट असेल तर नाहीच म्हणतात. बोट आणि जहाजाचा प्लॅटफॉर्म खालीवर होत असतो, मधली फट एका क्षणात हातभर होते. जड बॅटरीची गाडी तिथून सहसा नेऊ देत नाहीत. यात कुणाचा दुष्टपणा नाही. मी त्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिलोय.

चाकांवर_चेंबूर:
मग तसं जाहिरातीत लिहावं. "सर्वांसाठी" असं छापून पैसे घ्यायचे आणि बेटासमोर गेल्यावर डेकवरून बघा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

ठाणेकर_प्रवासी:
मुंबईचा हट्ट कशाला? सिंगापूरहून जा. तिकडे जहाजं नवी, मोठी, अपंगांच्या खोल्या जास्त, आणि तिथल्या शहरात स्कूटर घेऊन मेट्रोनेही फिरता येतं. विमानाचा नियम सोपा आहे: लिथियम बॅटरी काढता येणारी असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंतची काढून केबिनमध्ये जवळ ठेवायची. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, बसतं. विमान कंपनीला मात्र आधी लेखी कळवायचं.

गोरेगाव_पूर्व:
ठाणेकर, सोपं तुम्हाला वाटतं. चेक-इनला बॅटरी दाखवा, कागद दाखवा, गाडी विमानाच्या दारापर्यंत की काउंटरवरच द्यायची यावर वाद घाला, उतरल्यावर गाडी धड येते का याची वाट बघा, आणि मग बंदर. पहिल्याच वेळी एवढं? मुंबईहून निघालं तर निदान घरून बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलपर्यंत टॅक्सीचाच प्रश्न. मागची सीट पाडलेल्या मोठ्या गाडीत स्कूटर जाते.

आणि एक मनापासून. इथे सगळे आत्यांबद्दल बोलताहेत. सोबत कोण जाणार? बहुतेक घरांत ती बाईच असते. तिचीही ती सहल असते, पण ती डेकवर पाच मिनिटं टेकली की कानाला फोनच्या रिंगचे भास होतात. माझं तसंच व्हायचं. गाडी बिघडली, चार्ज करायची राहिली, कुठे अडकली, ते निस्तरायला तीच धावणार. म्हणून मी साधी, न बिघडणारी गोष्ट मागते.

दादरकरीण:
हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण सोबत मीच जाणार आहे. पण याच कारणासाठी मला स्कूटर हवी. आत्या सकाळी सहाला उठते, मी आठला. त्या दोन तासांत ती आपली आपण डेकवर जाऊन चहा घेऊन आली तर दोघींचा दिवस सुटतो. व्हीलचेअर असेल तर ती मला उठवणार नाही, आठपर्यंत तशीच पडून राहील. जाग आल्यावर मला ते कळेल आणि दिवसभर मनाला लागून राहील.

गोरेगाव_पूर्व:
आणि पहाटेच्या ओल्या डेकवर गाडी घसरली तर? जड दारं एका हाताने उघडत नाहीत, त्यांना उंबरे असतात. आठपर्यंत पडून राहणं मला परवडेल.

माजी_खलाशी_उरण:
ओल्या डेकवर नेऊच नये. आतल्या मजल्यांवर, कॅफेपर्यंत, काही हरकत नाही. लाट असेल तेव्हा गाडी बंद, चावी काढलेली, आणि भिंतीला टेकवून बांधलेली. जेवणाच्या वेळा आणि बंदराला लागण्याच्या वेळा टाळा, तेव्हा लिफ्ट भरलेल्या असतात आणि उभी माणसं बसलेल्याला जागा देत नाहीत.

भाऊचा_धक्का:
एक सुचवतो. आधी रो-रोने मांडव्याला जाऊन या. गेटवेच्या लाँचसारखं शेवाळलेल्या पायऱ्या उतरून एका लाँचमधून दुसऱ्या लाँचमध्ये पाय टाकायचा प्रकार नाही, गाड्या जातात तो रॅम्प आहे. वर बसायच्या जागेपर्यंत कसं जायचं ते तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. आत्यांना बोट लागते का, इंजिनाच्या थरथरीत गाडीवर बसवतं का, हे तासाभरात कळेल.

चाकांवर_चेंबूर:
ही सूचना आवडली. आणि ठरवायला आत्यांना बरोबर बसवा. एवढ्या उत्तरांत त्यांचं एकच वाक्य आलंय.

दादरकरीण:
काल रात्री सगळा धागा तिला वाचून दाखवला. खलाशीदादांचं बाथरूमच्या उंबऱ्याचं तिला सगळ्यात पटलं. लक्षद्वीपबद्दल ती म्हणाली, बेट लांबून बघायला तिची ना नाही, पण उतरायचा आग्रह कुणी करायचा नाही. सिंगापूर नको, विमानात तिचे पाय सुजतात.

बुकिंगवाल्यांना विचारलं तर "व्हीलचेअर असिस्टन्स आहे मॅडम, काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं. दाराचं माप अजून मिळालेलं नाही.

माजी_खलाशी_उरण:
असिस्टन्स म्हणजे टर्मिनलपासून जहाजात चढेपर्यंत ढकलायला माणूस. त्याचा खोलीशी काही संबंध नाही. ईमेलमध्ये गाडीची लांबी, रुंदी, बॅटरीसकट वजन आणि बॅटरीचा प्रकार लिहा, आणि खोलीचा नंबर टाकून दार किती सेंटिमीटर, बाथरूमला उंबरा आहे की नाही, हे लेखी मागा. फोनवरच्या "हो"वर पैसे भरू नका. अशा खोल्या थोड्या असतात, लवकर विचारा. आपत्कालीन मदतीच्या यादीत नाव घालायलाही तेव्हाच सांगा, म्हणजे कवायतीच्या वेळी तुमच्या मजल्यावर कोण येणार ते ठरतं.

गोरेगाव_पूर्व:
माझं मत तेच आहे, घडीची व्हीलचेअर पुरते. पण यादीत नाव घालायचं मला माहीत नव्हतं. दादरकरीण, तेवढं नक्की करा.

दादरकरीण:
करते. माप मागणारी ईमेल आज सकाळी पाठवली, गाडीच्या मागच्या प्लेटचा फोटो जोडून. घडीची व्हीलचेअरही बरोबर घेतोय, स्कूटर बंद पडली तर आणि शिडीसाठी. आतेभाऊ अजून कुरकुरतोय. दार ७५ च्या आत निघालं तर हे जहाज सोडून दुसरं बघू, पैसे तोवर भरणार नाही. पुढच्या रविवारी मांडवा.