कॅप्शनचं लेबल ठळक होईना (झीलॅटेक, मराठी प्रबंध)

कावीवाली: नमस्कार मंडळी, कावी कलेवर (देवळांच्या भिंतींवरची लाल-पांढरी चित्रं) प्रबंध चाललाय, देवळांच्या भिंतींचे ४० फोटो आणि प्रत्येकाखाली कॅप्शन. मजकूर झीलॅटेकमध्ये (XeLaTeX, आज्ञा लिहून पीडीएफ बनवायची प्रणाली), पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजावर मराठी, फॉन्ट तिरो देवनागरी मराठी, दिसतो सुरेख. पण कॅप्शन पॅकेजात लेबलफॉन्ट=बीएफ (म्हणजे ठळक) देऊनसुद्धा 'आकृती १' बाकीच्या मजकुरासारखंच बारीक, एरर पण नाही! शिवाय मला 'आकृती' नको 'छायाचित्र' हवंय, प्रिअँबलमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या सेटिंगांत) रिन्यूकमांडनं फिगरनेम बदललं तरी पीडीएफमध्ये परत आकृतीच. सोमवारी सरांना दाखवायचंय आणि इथे गोव्यात डिचोलीत पावसानं सारखी लाइट जाते.

लॉगवाचक: बाय, एरर नसेल पण लॉग उघड, 'फॉन्ट शेप अनडिफाइन्ड' अशी वॉर्निंग असणारच. तिरोत रेग्युलर आणि इटॅलिक दोनच आहेत, बोल्ड नाहीच, मग लॅटेक गुपचूप साधा लावून मोकळा होतो. ऑटोफेकबोल्डच्या (साधं अक्षरच कृत्रिम जाड करायचं) वाटेला जाऊ नकोस, नुसती शाई फासल्यासारखं होतं आणि लहान साइझला 'क्ष'ची पोकळी बुजते. खरा बोल्ड शोभिकात आहे, आयआयटी मुंबईचा फॉन्ट, पण मला लेबलला मुक्ता हा फॉन्ट जास्त आवडतो. मेनफॉन्टातच बोल्डफॉन्ट म्हणून दिलास तर प्रकरणांची शीर्षकंही त्यात जातील, म्हणून न्यूफॉन्टफॅमिलीनं मुक्ता बोल्ड वेगळा घे, डिक्लेअरकॅप्शनफॉन्टनं त्याला नाव दे आणि लेबलफॉन्टला बीएफऐवजी ते नाव. तिरोशेजारी मोठा वाटला तर स्केल=०.९ कर (हे सगळं टायपताना इंग्रजीत आणि दशांशाचे आकडेही इंग्रजीच हं).

माडाखाली: 'आकृती' पॉलिग्लॉसियाची करणी. बिगिन डॉक्युमेंटला भाषा चालू झाली की ती आपली नावं परत टाकते, तुझं पुसलं जातं. अ‍ॅडटूनं कॅप्शन्समराठीत फिगरनेम घाल, टिकेल. आणि लेबलसेप (लेबलनंतरचं चिन्ह) कोलन ठेवू नको गो, देवनागरीत तो विसर्गच वाटतो, क्वाड (नुसती मोकळी जागा) कर.

कावीवाली: नाव टिकलं, ठळकही झालं!! पण आता 'छायाचित्र'मधली वेलांटी 'च'च्या पलीकडे जाऊन बसलीय आणि 'त'चा पाय मोडलाय, बाकी मजकूर ठीक आहे

लॉगवाचक: न्यूफॉन्टफॅमिलीत स्क्रिप्ट=देवनागरी विसरलीस. मेनफॉन्टाला दिलेलं इथे लागू होत नाही, प्रत्येक फॉन्टाला वेगळं द्यायचं.

कावीवाली: तेच होतं 🙈 देव बरें करूं दोघांचं. लाइट आहे तोवर ४० पानं तपासून घेते.