लँडस्केप आर्किटेक्टचा परवाना नक्की कुठे मिळतो?

रोपवाला_उरुळी

नमस्कार मंडळी. वय 24, दापोलीहून बी.एस्सी. हॉर्टिकल्चर केलंय. उरुळी कांचनला वडिलांची पावणेदोन एकरांची नर्सरी आहे आणि गेली दोन वर्षं मी तिथेच आहे. आधी फक्त रोपं विकायचो. मग गिऱ्हाईकच म्हणायला लागलं की बागही तुम्हीच लावून द्या. आतापर्यंत बंगल्यांच्या दहा-बारा बागा केल्या. लोक खूश आहेत.

मागच्या महिन्यात एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो. चार इमारतींची सोसायटी, मोठं काम. माझ्या कार्डावर ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ असं छापलंय. टेबलापलीकडच्या मॅडमनी कार्ड मागून-पुढून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "रजिस्ट्रेशन नंबर?" मला काही बोलताच आलं नाही. ‘नंतर पाठवतो’ म्हणून बाहेर पडलो. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

हा नंबर कुठून मिळतो? परीक्षा असते का? एम.आर्क.ला (आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) मला घेतील का? की मी हा नादच सोडून द्यावा? कृपया खरं ते सांगा.

खडी_मुरूम

भाऊ, मी पंधरा वर्षं लँडस्केपची कंत्राटं घेतोय. मला आजवर कुणी नंबर विचारला नाही. काम चांगलं ठेव, माणसं सांभाळ, बिल वेळेवर लाव. एवढ्यावर घर चालतं. कार्डावर काय छापायचं ते मात्र जपून.

वाळुंज

मी पुण्यात अठरा वर्षं हे काम करते. बी.आर्क., मग लँडस्केपमध्ये एम.आर्क. आता आठवड्यातून एक दिवस शिकवतेही. तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते.

आधी सरळ उत्तर. भारतात लँडस्केप आर्किटेक्टचा वेगळा सरकारी परवाना नाही. तशी परीक्षा नाही, तसा नंबरही नाही. आपल्याकडे आहे तो 1972 चा वास्तुविशारद कायदा. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायची तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी हवी, आणि ती पाच वर्षांचं बी.आर्क. केल्यावर मिळते. त्या मॅडमनी मागितला तो बहुधा हा नंबर.

याच कायद्याचं 37 वं कलम एकदा बसून वाच. उपाधी कुणी लावायची नाही हे सांगताना त्यात दोन व्यवसाय वगळलेत, जहाजांचे आर्किटेक्ट आणि लँडस्केप आर्किटेक्ट. म्हणजे कायद्याने आपल्याला दाराबाहेर ठेवलंय. अडवलेलं नाही, पण आत घेऊन जबाबदारीही दिलेली नाही. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे कोण, हेही तिथे एका ओळीत आहे. मतितार्थ असा, की रोपं, झाडं आणि भूदृश्य यांच्याशी संबंधित मोकळ्या जागांचं डिझाइन करणारी व्यक्ती. मी दरवर्षी मुलांना ही ओळ वाचून दाखवते. त्यात झाड आहे, पण उतार नाही, माती नाही, पाणी नाही. आणि माझा अनुभव असा की आपलं निम्मं काम पाण्याचं असतं.

2003 साली इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, म्हणजे आयसोला, स्थापन झाली. तिचं सभासदत्व हा परवाना नव्हे. पण तिच्या कार्यक्रमांना जा. या क्षेत्रातली माणसं तिथे भेटतात.

शिक्षणाचं म्हणशील तर आपल्याकडे लँडस्केप हा मुख्यतः आर्किटेक्चरनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात आहे (ते फक्त मुलींचं), अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात आहे, दिल्लीला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आहे. एम.आर्क. म्हटलं की बी.आर्क. मागतात, त्यामुळे हॉर्टिकल्चरवरून थेट जाणं अवघड आहे. प्रत्येक ठिकाणच्या प्रवेशाच्या अटी स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. नाटा ही प्रवेश परीक्षा देऊन बी.आर्क.पासून सुरुवात केलीस तर पाच आणि दोन अशी सात वर्षं. चोविसाव्या वर्षी हे शक्य नाही असं मी म्हणणार नाही, माझ्या वर्गात एकतीस वर्षांचा मुलगा होता. पण घरची नर्सरी कोण बघणार हे आधी वडिलांशी बोल.

आता तू न विचारलेलं सांगते.

2009 साली एका सोसायटीचं काम माझ्याकडे होतं. टेकडीच्या पायथ्याशी, लांबट प्लॉट. मी रस्त्याच्या कडेने 64 बकुळी घेतल्या. ड्रॉइंग सुरेख झालं होतं आणि माझ्याकडे पदवी होती, नंबर होता. एक गोष्ट मी केली नाही. चार ठिकाणी खड्डे खणून खाली काय आहे ते बघितलं नाही. वर फूटभर लाल माती होती, आणि खाली बांधकामाचा राडारोडा आणि रोलर फिरवून दाबलेला मुरूम. जूनमध्ये झाडं लावली. जुलैत प्रत्येक आळं बादलीसारखं भरलं आणि पाणी खाली जाईना. पानं पिवळी पडली तेव्हा माळ्याला वाटलं पाणी कमी पडतंय, त्याने आणखी घातलं. सोसायटीतले एक निवृत्त काका संध्याकाळी येऊन एकेका झाडाला हात लावून जायचे. गणपतीपर्यंत 41 झाडं गेली. उपटलेल्या मुळांचा वास अजून माझ्या नाकात आहे.

माझ्या उरलेल्या फीमधून ते सगळे खड्डे पुन्हा खणून घेतले. सव्वा मीटर खोल, तळाला खडी, आणि खड्ड्याखड्ड्यांना जोडत जाणारा एक चर थेट पावसाळी गटारापर्यंत. दुसऱ्या वर्षी पुन्हा बकुळीच लावल्या. आज त्यांच्या सावलीत गाड्या उभ्या असतात.

म्हणून तुला विचारते. तू केलेल्या बागांमध्ये पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे कागदावर काढून दाखवता येईल का? चार इमारतींच्या त्या कामात बरीचशी बाग जमिनीवर नसेलच. खाली पार्किंग आणि वर बाग, म्हणजे स्लॅब. ओली माती घनमीटरला 1800 किलोच्या आसपास भरते. दोन फूट माती टाकलीस की दर चौरस मीटरला टनाहून जास्त वजन झालं. ते स्लॅब पेलणार का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागतं. वॉटरप्रूफिंगवर मुळं जाऊ नयेत म्हणून थर लागतो, निचऱ्याचा थर लागतो, पाणी बाहेर काढायला जागा लागते. नर्सरीत तू वाढवलेलं रोप माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा सरस असेल. पण ते उभं कशावर आहे, हे तुला अजून शिकायचंय.

आणि झाडं तोडायचा प्रश्न आला तर 1975 चा राज्याचा वृक्ष कायदा वाच. त्यात 2021 मध्ये बदल होऊन 50 वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षांचा दर्जा आलाय. साइटवर जुनं वडाचं झाड असेल तर तुझ्या ड्रॉइंगची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

ऑस्टिनचा_सातारकर

टेक्ससमधून लिहितोय. इथे परवाना खरंच आहे आणि पन्नासही राज्यांत आहे. माझी पहिली पदवी कृषीची, राहुरीची. इथे दुसऱ्या शाखेतून आलेल्यांसाठी तीन वर्षांचं एम.एल.ए. (मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर) असतं, ते केलं. मग परवानाधारकाच्या हाताखाली नोकरी आणि सोबत एल.ए.आर.ई. ही परवान्याची परीक्षा. तिचे चार भाग: जागेची पाहणी व प्रकल्प व्यवस्थापन, नियोजन व डिझाइन, बांधकामाची कागदपत्रं, आणि चौथा ग्रेडिंग (जमिनीला उतार देणं), ड्रेनेज व पावसाचं पाणी. चौथ्यात मी पहिल्या खेपेला नापास झालो. वाळुंजताई जे म्हणतायत तेच, फक्त इथे ते परीक्षेत विचारतात. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, दिलेले असतात आणि पाणी इमारतीपासून लांब न्यायचं असतं. दुसऱ्या वेळी तीन महिने रोज पहाटे फक्त कंटूर काढले.

पास झाल्यावर राज्य मंडळ नोंदणी करतं, शिक्का मिळतो. त्या शिक्क्याखाली सही केली की चुकीची जबाबदारी तुमच्यावरही येते. खर्च प्रचंड आहे, कर्ज मी सहा वर्षं फेडलं. आणि हा शिक्का पुण्यात कामाला येणार नाही. तिकडे राहायचं नक्की असेल तर इकडे येण्याआधी दहा वेळा विचार कर.

रोपवाला_उरुळी

तिघांचेही आभार. ताई, तुमचं उत्तर रात्री दोनदा वाचलं. खरं सांगतो, मी एकाही बागेचा उतार मोजलेला नाही. डोळ्याने बघतो आणि गवंड्याला सांगतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कार्डावर मग काय छापू? आणि आमच्याकडे डिझाइनचे पैसे घ्यायची पद्धत नाही. वडील म्हणतात, डिझाइन फुकट द्यायचं, रोपांत निघतात. हे चुकीचं आहे का?

वाळुंज

कार्डावर ‘उद्यानतज्ज्ञ, बी.एस्सी. हॉर्टिकल्चर’ असं छाप. खाली ‘बागेची आखणी, लागवड आणि देखभाल’. यातला प्रत्येक शब्द तुझा आहे, कुणी काही विचारलं तर उत्तर आहे. त्या मॅडमना आजच कळव की नोंदणी क्रमांक नाही, मी लागवडीचं काम करतो, ड्रॉइंग नोंदणीकृत आर्किटेक्टचं घ्या. मोठ्या कामांत आम्हाला नेमका असाच माणूस हवा असतो, जो सांगेल की ही ताम्हण मार्चमध्ये हलवू नका. निम्मी भांडणं टळतात.

वडिलांच्या पद्धतीला मी चूक म्हणणार नाही, त्यांनी त्यावर नर्सरी उभी केली. पण तिच्यात एक अडचण आहे. कमाई रोपांत असली की हात आपोआप जास्त रोपांकडे जातो. दीड फुटावर लावायचं झुडूप नऊ इंचांवर लागतं, दोन वर्षांत गर्दी होते आणि निम्मं उपटावं लागतं. मी अशा बागा दुरुस्त केल्यात. पुढच्या कामाला दोन बिलं कर. एक आखणीचं, रक्कम लहान असली तरी चालेल. दुसरं रोपांचं. आखणीचे पैसे मिळाले की ‘इथे काही लावू नका’ असं सांगायची मोकळीक मिळते. ही मोकळीक फार मोलाची आहे.

सात वर्षांचा निर्णय आज घेऊ नकोस. आधी वर्षभर एखाद्या लँडस्केप आर्किटेक्टकडे आठवड्यातून दोन दिवस जा. ड्रॉइंग शीक, साइटवर लेव्हल घे. पगार कमी मिळेल. जमलं तर दिल्लीची ‘सुंदर नर्सरी’ ही बाग बघून ये. तुला ती वेगळी वाटेल, कारण ती खरोखर सरकारी रोपवाटिका होती, नवी दिल्ली वसवताना तिथे झाडं वाढवली. पुढे लँडस्केप आर्किटेक्ट मोहम्मद शहीर यांनी तिचं उद्यान आखलं, 2018 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. आत शिरलास की फुलांकडे नंतर बघ. आधी मधला पाण्याचा पट्टा कसा खाली उतरत जातो ते चालत जाऊन बघ.

आणि उद्यापासूनचं काम. पावणेदोन एकर तुझ्या घरचं आहे, परवानगी कुणाची लागत नाही. गवंड्याकडून पारदर्शक नळीची पाणसळ (पाणी भरून पातळी बघायची नळी) माग. दर पाच मीटरवर खुंटी ठोक, विहिरीचा कठडा शून्य धरून प्रत्येक खुंटीची उंची वहीत लिही. सारख्या उंचीच्या खुंट्या रेषेने जोड. नर्सरीत पाणी कुठे तुंबतं हे तुझ्या वडिलांना पाठ असेल, त्यांना सोबत घे. तुझ्या रेषा आणि त्यांनी दाखवलेली जागा जुळते का बघ.

रोपवाला_उरुळी

खालच्या कोपऱ्यात, शेडनेटच्या मागे तुंबतं. दरवर्षी तिथली गुलाबाची कलमं जातात. वडिलांना आत्ता सगळं सांगितलं, नंबरचंही. ते म्हणाले नळी आहे आपल्याकडे, पंपाच्या खोलीत. रविवारी दोघं मिळून खुंट्या ठोकतो. नकाशा इथे टाकेन, चुका दाखवा.