आग लागल्यावर अग्निशमन दल पोहोचेपर्यंत कमांड कोणाची, आणि नंतर ती सोपवायची कशी?

वेर्णा_सेफ्टी
गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या, सॉल्व्हंट वापरणाऱ्या एका कारखान्याचा आपत्कालीन आराखडा नव्याने लिहितोय. जुन्या आराखड्यात 'इन्सिडेंट कंट्रोलर : फॅक्टरी मॅनेजर' एवढंच आहे. रात्रपाळीला मॅनेजर नसतात. रात्री दोनला आग लागली तर कमांड कोणी घ्यायची? बंब आल्यावर आपल्या माणसाने बाजूला व्हायचं की थांबायचं? वेर्ण्याच्या मागोमाग मडगाव, वास्कोच्या गाड्या आल्या तर बोलायचं कोणाशी?

होज_आणि_ब्रांच
कमांड पाळीत हजर असलेल्या माणसाकडेच हवी. शिफ्ट इन्चार्ज आणि त्याच्या जागी दुसरा, असे दोघे प्रत्येक पाळीला ठरवून ठेवा. त्याने वॉकीटॉकीवर मोठ्याने सांगायचं, 'कमांड माझ्याकडे आहे, मी मुख्य गेटवर आहे.' हे वाक्य बोललं गेलं नाही तर तीन माणसं तीन हुकूम देतात आणि १०१ ला फोन दुसऱ्याने केला असेल असं प्रत्येकजण धरून चालतो.

त्याने स्वतः एक्स्टिंग्विशर हातात घ्यायचा नाही. नळी धरली की बाकीचं दिसेनासं होतं. त्याची कामं तीन: फोन झाला याची खात्री, माणसांची मोजणी, आणि बंबाला वाट दाखवायला गेटवर माणूस.

बंब आला की पहिल्या गाडीवरच्या अधिकाऱ्याकडे कमांड जाते. ती समोरासमोर सोपवायची. काय जळतंय, कुठे, किती माणसं बेपत्ता आणि शेवटची कुठे दिसली, वीज तोडली का, ड्रम किती आणि कशाचे, पाणी कुठून मिळेल, एवढं एका मिनिटात सांगा. मग निघून जाऊ नका. प्लांटची माहिती तुमच्याकडेच असते, त्या अधिकाऱ्याच्या हाताशी उभे राहा. नंतर वरिष्ठ अधिकारी आले तर तेही आधी माहिती घेऊन, वायरलेसवर जाहीर करूनच कमांड घेतात. नुसतं पोहोचल्याने कमांड बदलत नाही. म्हणून गाड्या कितीही केंद्रांच्या असोत, तुम्ही बोलायचं ते त्या एका कमांडरशीच.

बीए_बोर्ड
आराखड्यात पाण्याचा आणि हवेचा हिशोब घाला, कमांड तिथेच घसरते.

पाणी: २० मिमीचा नॉझल ३ बारला मिनिटाला साधारण ४५० लिटर सोडतो. ४५०० लिटरचा बंब एका ब्रांचवर (नळीच्या टोकाच्या नॉझलवर) १० मिनिटं, दोन ब्रांचवर ५ मिनिटं. म्हणजे दुसरी गाडी कुठून भरणार हे कमांडरने पहिली नळी पसरतानाच ठरवायला हवं. विहीर दाखवणार असाल तर पाण्याची पातळी पंपापासून ७ मीटरपेक्षा खाली नको. सक्शन त्याहून खोलवरून प्रत्यक्षात नीट उचलत नाही. मे महिन्यात मोजून बघा.

हवा: धुरात आत जाणाऱ्याच्या पाठीवरचा श्वसनाच्या हवेचा ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला म्हणजे १८०० लिटर. धापा टाकत काम करणारा माणूस मिनिटाला ५० लिटर घेतो. ५५ बारला हवा संपत आल्याची शिट्टी वाजते, म्हणजे आत गेल्यापासून २९ मिनिटांनी. पण सिलिंडर २४० बारलाच असेल तर २२ मिनिटं. आणि शिट्टी वाजेल तेव्हा माणूस बाहेर असायला हवा. म्हणून दारावर बोर्ड घेऊन एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही: नाव, आत जाताना बार, वेळ, शिट्टीची अपेक्षित वेळ.

वेर्णा_सेफ्टी
धन्यवाद. कमांड पोस्ट मुख्य गेटवरच ठेवू का? आमचं गेट पूर्वेला आहे.

होज_आणि_ब्रांच
एकच जागा पक्की करू नका. किनारपट्टीत दुपारी वारा समुद्राकडून येतो, तेव्हा धूर पूर्वेला, थेट तुमच्या गेटवर. रात्री बहुधा उलट. दोन जागा आखा, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि कमांड घेणाऱ्याने वारा बघून निवडायची. शेडच्या किमान दोन बाजू दिसतील अशी जागा बघा. नंतर येणाऱ्या गाड्या सरळ आत घेऊ नका, बाहेरच्या रस्त्यावर थांबवून एकेक बोलवा. नाहीतर पसरलेल्या नळ्यांवरून चाकं जातात आणि भरायला निघालेला बंब अडकतो.

बीए_बोर्ड
एक राहिलं. पत्र्याच्या शेडचे लोखंडी ट्रस (छताचे आधार) ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास निम्मी ताकद गमावतात आणि कोसळण्याआधी फारशी सूचना देत नाहीत. आत कोणी अडकलेलं नसेल आणि छताखाली आग पसरलेली असेल तर कमांडरने माणसं बाहेर काढून बाहेरूनच मारा करावा. बाहेर पडण्याची खूण दलाकडून आधीच समजून घ्या आणि तुमच्या कामगारांनाही शिकवा. ती वाजली की नळी तिथेच टाकायची, बाहेर यायचं, पुन्हा मोजणी. तुमची हजेरी रात्री गेटच्या केबिनमध्ये कागदावर हवी, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असून चालणार नाही, कारण वीज पहिल्यांदा तोडाल.