जॉर्डन : वाळवंट, पेट्रा आणि अकाबा, सोबत आजी-आजोबा आणि मुलं. सात रात्रींत कसं बसवावं? (मदत हवी आहे)

सुट्टीवर :

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जॉर्डनला जायचं जवळजवळ ठरलंय. आम्ही सहाजण : मी, नवरा, सासू-सासरे, नववीतली लेक आणि दहा वर्षांचे चिरंजीव. हातात सात रात्री आहेत, आठवी मागितली तर नवऱ्याचा साहेब हाकलून देईल. विमान मुंबईहून आखातात बदलून अम्मानला, परतीचंही तिथूनच.

डोक्यात आहे ते असं : पेट्रा (डोंगरात कोरलेलं प्राचीन शहर), वादी रमचं वाळवंट आणि शेवटी अकाबाचा समुद्र. मृत समुद्र आणि जेराश (रोमन काळातले अवशेष) जमलं तर.

खरी मेख घरातच आहे. बाबा (सासरे) ७४ वर्षांचे. शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे पेट्रा हे नाव आमच्याकडे बरीच वर्षं निघतंय. गुडघे कुरकुरतात, पण तसं बोलून दाखवलेलं त्यांना खपत नाही. आईंना समुद्र चालतो, वाळवंटात तंबूत झोपणं अजिबात चालत नाही. "त्या वाळूत बघायचं काय?" असं त्यांचं म्हणणं. लेकीला नेमकी तीच रात्र हवी आहे. आई-बाबा दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एका टूरवाल्याने आखून दिलेला कार्यक्रम पाहिला. पेट्राला अर्धा दिवस, वादी रममध्ये दोन तास जीप आणि उरलेला सगळा वेळ गाडीत. म्हटलं, त्यापेक्षा इथल्या जाणकारांना विचारावं. पेट्राला नक्की किती वेळ लागतो आणि बाबांना त्यातलं किती झेपेल? तंबूतली रात्र ठेवावी की अकाबाहून जाऊन-येऊन वाळवंट करावं? जेवणाचे किती हाल होतील? मधल्या प्रवासाला बस बरी की गाडी?

आगाऊ आभार.

---

वाकडी_वाट :

अर्धा दिवस पेट्रा? फाटकापासून 'खजिना' या प्रसिद्ध कोरीव वास्तूपर्यंत जाऊन फोटो काढून परत येण्यातच तो संपतो. तो कागद आधी फाडा.

पेट्रा हे एक स्मारक नाही, अख्खं शहर आहे आणि ते एका रेषेत पसरलंय. बाबांचा प्रश्न याच रेषेवरून सोडवायचा. तिकीटघरापासून सुरुवातीचा उघडा उतार, मग सिक नावाची सुमारे १.२ किलोमीटरची अरुंद घळ, घळ संपते तिथे समोर खजिना. पुढे थडग्यांची रांग, डोंगरात कोरलेलं नाट्यगृह, राजघराण्याची थडगी, खांबांचा रस्ता आणि कसर अल-बिंत हे देऊळ. इथपर्यंत चार किलोमीटरच्या आसपास होतात. त्यानंतर मोनॅस्टरी या डोंगरावरच्या कोरीव वास्तूच्या ८०० पायऱ्या, म्हणजे आठवेळा पर्वती. जाताना बराचसा उतार असल्यामुळे सगळ्यांना वाटतं, "एवढंच होय!" मग तोच उतार परतीला, दमलेल्या पायांनी, चढ म्हणून भेटतो.

विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या तिकीटघरापासून खजिन्यापर्यंत जातात. पैसे वेगळे पडतात. बाबांना जाताना चालू द्या आणि येताना गाडीत बसवा. उलट करू नका. सिक गाडीतून बघण्यात काही अर्थ नाही. घळीच्या दोन्ही बाजूंना कमरेच्या आसपास उंचीवर पाण्याचे पाट कोरलेले दिसतील. एका बाजूला मातीच्या नळांचे तुकडे अजून जागेवर बसलेले आहेत, बोट लावावंसं वाटतं (लावू नका). वाळवंटात शहर वसवणाऱ्या नबातियन लोकांची खरी करामत त्या नळांत आहे. लोक मान वर करून खजिना शोधत चालतात आणि ते तसेच मागे राहतात.

इतिहासाचे मास्तर आहेत म्हणून आणखी थोडं. खजिना म्हणतात, पण ती वास्तू थडग्याशी संबंधित आहे. २०२४ मध्ये तिच्या खालच्या दफनात १२ सांगाडे सापडले. दर्शनी भाग वेरूळच्या कैलासासारखाच वरून खाली कोरत आणलाय. माथ्यावरच्या दगडी कलशात सोनं आहे अशा समजुतीने बदाऊनी (बेदुईन) लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्या खुणा खालून दिसतात. रोमनांनी नबातियनांचं हे राज्य इ.स. १०६ मध्ये घेतलं, ३६३ च्या भूकंपाने बरीच पडझड केली आणि युरोपला त्याचा पत्ता १८१२ मध्ये बुर्कहार्ट या स्विस प्रवाशामुळे लागला. तिकीटघराजवळचं पेट्रा संग्रहालय आदल्या संध्याकाळी बघून घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाबाच तुमचे गाईड.

तिकीट दोन दिवसांचंच काढा. पहिल्या दिवशी सगळे मिळून कसर अल-बिंतपर्यंत, निवांत. फाटक सकाळी सहाला उघडतं, सातपर्यंत आत असाल तर सिकमध्ये आपल्याच पावलांचा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघांपैकी एक जण मुलांना घेऊन मोनॅस्टरी करा, दुसरा आई-बाबांबरोबर थांबेल.

---

खादाडखाऊ :

जेवणाची काळजी अजिबात करू नका. फलाफल, हमूस, फूल (बाकल्याच्या बियांची उसळच म्हणा), लबने म्हणजे आपला चक्का, वांग्याचं मुतब्बल, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर आणि गरम खुब्ज (तिथली रोटी). सकाळ-संध्याकाळ हेच मिळतं, त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही, कंटाळतो. तिसऱ्या दिवशी आईंना वरण-भात आठवणार, तेव्हा मेतकूट आणि लोणचं बॅगेत असू द्या.

दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. मसुराचं सूप दिसायला शाकाहारी असतं, पण कधी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, विचारून घ्या. आणि वादी रमच्या तळावर (तंबूंच्या कॅम्पवर) रात्री 'जर्ब' असतो : वाळूत खड्डा, खाली निखारे, वर जाळ्यांची मजल्यामजल्याची चळत, झाकण लावून त्यावर पुन्हा वाळू. उघडताना सगळे बघायला जमतात, मुलांना फार मजा येते. पण भाज्या आणि मांस एकाच चळतीत शिजतं. आई-बाबांना ते चालणार नसेल तर तंबू आरक्षित करतानाच वेगळं शिजवायला सांगा, आयत्या वेळी नाही. मनसफ हा तिथला मानाचा पदार्थ, तो मटणाचाच. कोणी आग्रह केला तर छातीवर हात ठेवून "शुक्रन" म्हणा, कोणाला राग येत नाही.

मरामिया (सेजची सुगंधी पानं) घातलेला चहा मात्र आईंना नक्की पाजा.

---

सुट्टीवर :

वाकडी_वाट, बाबांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. नळांपाशी आल्यावर म्हणाले, "मग गाडी परतीलाही नको." आता काय बोलणार?

मोनॅस्टरीला पलीकडून जायची वाट आहे असं कुठेतरी वाचलं. दहा वर्षांच्या मुलाला ती जमेल का? आणि तंबूचं कोणीच काही बोललं नाही.

---

वाकडी_वाट :

आहे. लिटल पेट्रा या जवळच्याच छोट्या कोरीव स्थळाच्या बाजूने मोनॅस्टरीच्या माथ्यावर उतरता येतं, म्हणजे ८०० पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. पण वाट कड्याच्या अंगाने जाते आणि काही टप्प्यांना एका हाताला दरी आहे. स्थानिक वाटाड्या घ्याच. मूल गड चढणारं असेल तर जमेल, चालताना मोबाईल बघणारं असेल तर पायऱ्याच बऱ्या. तिकीट आधी मुख्य तिकीटघरात काढलेलं हवं, त्या बाजूला मिळत नाही.

पाऊस असेल तर दोन्ही वाटा सोडा. नोव्हेंबरात तिथे वळवासारखी सर येऊ शकते आणि घळी क्षणात भरतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये पेट्रातून पर्यटकांना बाहेर काढावं लागलं होतं. पहारेकऱ्यांनी "बाहेर चला" म्हटलं की फोटो अर्धा सोडून निघायचं.

---

निवांत_काका :

तंबूबद्दल मी लिहितो, कारण आमची ही तुमच्या आईंच्याच पक्षातली होती.

रात्र ठेवा. अकाबाहून जाऊन-येऊन वाळवंट म्हणजे भर दुपारचं वाळवंट, रंग उडालेलं. तिथे बघण्यासारखे दोनच वेळ, सूर्य कलतानाचा आणि उगवतानाचा, आणि दोन्ही राहिल्याशिवाय मिळत नाहीत. सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा पेट्राहून दुपारी एकच्या आत निघा. अंतर ११० किलोमीटर, दोन तास धरून चला.

'तंबू' या नावाला आईंनी घाबरायचं कारण नाही. बकरीच्या केसांच्या काळ्या कापडाच्या आत पलंग, गादी, जाड रजया असतात. आरक्षण करताना एकच अट घाला : संडास-बाथरूम खोलीला जोडून हवं. साध्या तळांवर ते सामायिक आणि शे-दोनशे पावलांवर असतं. रात्री दोनला, कडाक्याच्या थंडीत, टॉर्च घेऊन तेवढं चालायचं म्हटल्यावर आपल्या पिढीला वाळवंट आवडत नाही, दुसरं काही नाही. रात्री गारठा चांगलाच असतो. दिवसा अर्ध्या बाह्या, रात्री स्वेटर आणि कानटोपी.

जीप म्हणजे मागे बाकडी टाकलेला उघडा पिकअप. बाबांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा, तिथे गचके कमी. सगळे थांबे करू नका. खझाली घळीतले कोरीव लेख आणि एखादी वाळूची टेकडी, बस्स. दगडी कमानीवर लेक आणि चिरंजीव चढतील, तुम्ही खालून ओरडायला थांबा. सूर्यास्ताच्या जागी पोचल्यावर ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. आमची ही त्यानंतर बराच वेळ बोलली नाही, आणि ती न बोलणाऱ्यांतली नव्हे.

---

आलेपाक :

सगळे इतिहास आणि वाळूत रमलेत, अकाबाचं मी बघते.

तिथे दोन रात्री हव्यातच. आठवड्यात पहिल्यांदा सामान एका जागी राहतं आणि ज्येष्ठांना त्याचीच गरज असते. जॉर्डनला समुद्र मिळालाय तो जेमतेम २७ किलोमीटर. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर इस्रायलचं एलात, त्याच्या बाजूला इजिप्त आणि दक्षिणेला सौदी. बाबांना नकाशा हातात द्या आणि चहा सांगा, तास कसा गेला कळत नाही. १९१७ च्या अरब उठावात जिंकलेला जुना किल्ला जवळच आहे.

प्रवाळ दक्षिण किनाऱ्यावर अगदी काठापासून सुरू होतं. पोहता येत असेल तर मुलांना मुखवटा-नळी लावून तिथेच उतरवा, पायात रबरी बूट घालून, कारण तळाला काटेरी समुद्री साळू असतात. आई-बाबांसाठी काचेच्या तळाची बोट. भाव आधी, आणि किती वेळाचा तेही आधी. २०१९ मध्ये तिथे जुने रणगाडे आणि हेलिकॉप्टर समुद्रात बुडवून संग्रहालय केलंय. चिरंजीवांना आत्ताच सांगू नका, रोज विचारतील.

जेराश यावेळी सोडा. सुंदर आहे, पण अम्मानच्या उत्तरेला आणि तुमचं सगळं दक्षिणेला. मृत समुद्र मात्र सोडू नका, तो परतीच्या वाटेवरच आहे. अकाबाहून डेझर्ट हायवेने परत न येता वादी अरबाच्या रस्त्याने या, साडेतीन-चार तासांत मृत समुद्र. शेवटची रात्र तिथे काढा, विमानतळ तासाभरावर. समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहूनही खाली, गुडघे न दुखता तरंगायचं, बाबांना यापेक्षा चांगलं काय? दहा-पंधरा मिनिटं पुरे. डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, आदल्या दिवशी दाढी करू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

---

हिशेबनीस :

पैशाचं कोणी बोलत नाहीये.

जॉर्डन पास (पर्यटकांचं एकत्रित तिकीट) निघण्याआधी ऑनलाइन घ्या. पेट्राच्या दोन दिवसांसह ७५ दिनार. त्यात वादी रमचा प्रवेश येतो आणि देशात सलग तीन रात्री राहिलात की ४० दिनारची व्हिसा फी माफ. नुसतं पेट्राचं दोन दिवसांचं तिकीट ५५ दिनार आहे, हिशेब तुम्हीच करा. बारा वर्षांखालच्याला स्थळांचा प्रवेश फुकट, म्हणजे पास पाचच लागतील. दिनार डॉलरला बांधलेला आहे, एक दिनार म्हणजे १.४१ डॉलर. दहा दिनार ऐकायला किरकोळ वाटतात, तिथेच खिसा कापला जातो. भारतीयांसाठी व्हिसाच्या अटी निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताज्या बघून घ्या.

पेट्राच्या फाटकाशी घोडेवाले "तिकिटात समाविष्ट" म्हणून मागे लागतात. घोडा असतोही समाविष्ट, बक्षिसी नसते. आणि तो सिकच्या तोंडाशीच सोडतो.

सहा माणसं आणि सामान म्हटल्यावर ड्रायव्हरसकट व्हॅनच घ्या. बस अकाबाला आणि पेट्राला आहेत, पण वादी रमच्या तळापर्यंत आणि मृत समुद्राच्या रस्त्याला त्या उपयोगी नाहीत. स्वतः चालवणार असाल तर तिथे वाहतूक उजवीकडून आणि गतिरोधक बिनरंगाचे.

शेवटचं. विमान आणि हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. एप्रिल २०२४ आणि जून २०२५ मध्ये जॉर्डनने हवाई हद्द बंद केली होती. देश शांत आहे, शेजार नाही.

---

सुट्टीवर :

तुम्ही सगळ्यांनी फारच काम सोपं केलंत. सध्या असं बसवलंय : पहिली रात्र अम्मानऐवजी मादाबाला (विमानतळ जवळ, आणि चर्चच्या जमिनीवरचा सहाव्या शतकातला नकाशा बाबांना बघायचाय), दोन वादी मूसा (पेट्राचं गाव), एक वादी रम, दोन अकाबा, एक मृत समुद्र. जेराश कटाप. व्हॅन ड्रायव्हरसकट.

आईंनी तंबूला होकार दिलाय, जोडून बाथरूम असलेला फोटो दाखवल्यावर. पण नवीन अट निघाली आहे : पहाटे उंटावरून सूर्योदय, आणि उंटावर त्या स्वतः बसणार. वय ७१. निवांत काका, उंट उठताना कितपत हिसका बसतो?

---

निवांत_काका :

उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे माणूस पुढे फेकला जातो. खोगिराची खुंटी दोन्ही हातांनी धरायची आणि मागे रेलायचं, बसताना तर जास्तच. उंटवाल्याला दोर हातात धरून चालायला सांगा, अर्धा तास पुरे. कंबरेचं जुनं दुखणं असेल तर नको. नसेल तर बसू द्या, आणि बाबांना आधी विचारू नका.