गळत नाही, पण बंदही होत नाही: असा मेन व्हॉल्व्ह बदलावा का?

नळदमयंती
आमच्या चार मजली इमारतीत प्रत्येक सदनिकेसाठी गच्चीवरील टाकीपासून स्वतंत्र जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप उतरतो आणि टाकीजवळच त्याचा मेन व्हॉल्व्ह आहे. हा पितळी गेट व्हॉल्व्ह इमारतीइतकाच जुना आहे. तो गळत नाही, मात्र त्याचे चाक दोन फेऱ्यांपुढे फिरत नाही. माझ्या मते असा व्हॉल्व्ह घरात काही फुटण्याची वाट न पाहता बदलावा आणि त्या जागी बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतला भोकाचा गोळा मुठीने फिरवून बंद होणारा व्हॉल्व्ह, बसवावा. कमोडची जोडनळी मध्यरात्री फुटली, तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी घरात आणि तेथून खालच्यांच्या छतात जात राहील. घरातील ज्येष्ठांचे मत नेमके उलट आहे: चालते आहे, तोवर हात लावू नये.

जुनापाईप
मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण व्हॉल्व्हमध्ये नसून पाईपमध्ये आहे. अर्ध्या किंवा पाऊण इंची बी क्लास (मध्यम जाडीच्या) जीआय पाईपची जाडी २.६ मिमी असते; आटे पाडताना त्यातील सुमारे १.१६ मिमी धातू जातो आणि त्याबरोबर जस्ताचा थरही जातो. त्यामुळे गंज प्रथम आट्यांनाच धरतो. सुतळी आणि सफेदा (सांध्यात भरायचा पांढरा लेप) लावून आवळलेला सांधा इतक्या वर्षांनी पान्याने फिरवला, की पुष्कळदा व्हॉल्व्ह सुटण्याऐवजी पाईपचे टोकच तुटून त्यात अडकते, किंवा तो पीळ खाली एल्बोपर्यंत (पाईपच्या वळणाच्या जोडापर्यंत) जाऊन आजवर कोरडा असलेला सांधा पाझरू लागतो. पाईप भिंतीत असेल, तर पुढचे काम टाइल्स फोडण्याचे. त्यापेक्षा प्रत्येक नळाखालचे अँगल कॉक (भिंतीतून पाणी बाहेर येते तेथील छोटे व्हॉल्व्ह) चांगल्या स्थितीत ठेवावेत. आपण सांगितलेली जोडनळी फुटली, तरी तेवढे पुरते.

नळदमयंती
अँगल कॉकच मुळापासून तुटला, किंवा भिंतीतला पाईप सडला, तर त्याच्या अलीकडे अडवायला काय उरते? शिवाय तो अँगल कॉक बदलायचा झाला, तरी आधी मेन व्हॉल्व्हच बंद करावा लागतो.

गच्चीवरचा
दोघांनाही एक विनंती: निर्णय होईपर्यंत त्या चाकावर जोर लावू नका. गेट व्हॉल्व्हमध्ये स्पिंडलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, टोकाला पितळी पाचर असते आणि ती खाली उतरून खाचेत बसते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा क्षार त्या खाचेत आणि स्पिंडलच्या आट्यांवर साचतो, म्हणून चाक अडते. कोणी चाकात पाना घालून पिळले, तर स्पिंडल तुटते आणि पाचर खाली अडकून बसते. मग व्हॉल्व्ह उघडतही नाही आणि सदनिका कोरडी पडते. त्यामुळे ‘हात लावू नये’ हे धोरण घरातल्या सर्वांनी, येणाऱ्या प्रत्येक प्लंबरने आणि वॉचमननेही कायम पाळले, तरच टिकते.

बदलायचेच असेल, तर जुना सांधा सोडवण्याचा आग्रह धरू नये. व्हॉल्व्हच्या खाली, पाईप मोकळा आहे तेथे हॅकसॉने कापावे, उरलेला भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवत रॅचेट डायने (आटे पाडण्याच्या हत्याराने) नवे आटे पाडावेत आणि युनियन (पाईप न फिरवता सोडवता येणारा जोड) घालूनच नवा व्हॉल्व्ह जोडावा, म्हणजे पुढच्या वेळी कापाकापी होत नाही. जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून जागेवरच राहू द्यावा. टाकीच्या तोंडात आतून कापडाचा बोळा घालून काम उरकण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण बोळा ओढला जाऊन पाईपमध्ये अडकतो. संस्थेची टाकी धुण्याचा दिवस गाठावा. त्या दिवशी ती तशीही रिकामी असते.

सभासद
टाकी आणि बाहेरील जलवाहिन्यांची देखभाल गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेकडे असते. तेव्हा पाईप कापण्यापूर्वी समितीला लेखी कळवावे आणि खर्च कोणाचा, हेही तेव्हाच ठरवावे.

जुनापाईप
कापण्याची पद्धत मला पटते. बॉल व्हॉल्व्हचे कौतुक मात्र पटत नाही. पाव फेऱ्यात बंद होतो हे खरे, पण वर्षानुवर्षे हलवला नाही, तर क्षाराने तोही घट्ट होतो. गच्चीवर त्याची साधी लोखंडी मूठ दोन पावसाळ्यांत गंजते. स्वस्त व्हॉल्व्हचे भोक पाईपहून लहान असते, आणि टाकी जेमतेम सहा-सात मीटर वर, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.६ ते ०.७ किलोच, असताना तेवढ्यानेही शॉवरची धार मंदावते.

गच्चीवरचा
म्हणूनच फुल बोअरचा (पाईपइतक्याच भोकाचा), पितळी आणि स्टेनलेस मुठीचा व्हॉल्व्ह घ्यावा, आणि टाकी धुतली जाईल तेव्हा एकदा बंद-चालू करावा. जीआयच्या आट्यांवर प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह आवळू नये, तो तडकतो.

नळदमयंती
मला हा मार्ग मान्य आहे. समितीला उद्याच पत्र देते.

जुनापाईप
माझा विरोध आता एका अटीपुरता उरला आहे. कापलेला तुकडा फेकण्यापूर्वी त्यात डोकावून पाहा. आत गंजाचे थर साचून वाट पेन्सिलीएवढी राहिली असेल, तर त्या पाईपवर नवा व्हॉल्व्ह बसवण्यात अर्थ नाही. खालपर्यंतची संपूर्ण लाइन सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लॅस्टिक पाईपची) करावी आणि उघडा भाग उन्हापासून वाचवण्यासाठी रंगवावा.

नळदमयंती
पाईप तसा निघाला, तर लाइन बदलण्याचा खर्च दिवाळीनंतर करू, पण व्हॉल्व्ह त्याच दिवशी बसेल. लाइन बदलताना तोच काढून पुन्हा वापरता येईल. युनियन त्यासाठीच आहे ना?