मदत हवी आहे: घरासाठी बिनविषारी रंग कोणता? (तातडीचं)

घाईतली
रंगारी सोमवारी येतोय. एक खोली रंगवायची आहे. विषारी, डोकं उठवणारा रंग नकोय, पर्यावरणालाही त्रास नको. दुकानात गेले तर प्रत्येक डब्यावर हिरवं पान. विचारलं तर म्हणे "मॅडम, सगळे इको-फ्रेंडलीच आहेत." कुणी वापरलेला, खात्रीचा एकच रंग सांगा. निबंध नकोत, प्लीज.

चुनखडी
चुना. विषय संपला.

उंबरठा
भिंत की लाकूड? आधीचा रंग कसला आहे? ओल आहे का? खोलीत कोण झोपणार?

घाईतली
भिंतच, अजून काय रंगवतात? आधीचा रंग नेहमीचाच आहे.

उंबरठा
"नेहमीचा" नावाचा रंग नसतो हो. ओल्या फडक्याने भिंत जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला, हाताला पांढरी पूड आली तर डिस्टेंपर किंवा चुना. काहीच निघालं नाही आणि पाणी भिंतीवर तसंच राहिलं तर इमल्शन (पाण्यातला प्लास्टिक रंग) नाहीतर ऑईल पेंट. हे कळल्याशिवाय कुणीही नाव सुचवलं तरी ते हवेतलंच.

भिंतीला_कान
खोली लहान असेल तर फिकट शेड घ्या आणि छत भिंतीपेक्षा थोडं उजळ ठेवा. खोली मोठी दिसते.

घाईतली
शेड विचारलेलीच नाही.

रसायनवाला
पान सोडा, डब्यामागचा बारीक मजकूर वाचा. व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी कार्बनी द्रव्यं, लिटरला किती ग्रॅम ते आकड्यात दिलंय का बघा. युरोपात आतल्या भिंतींच्या पाण्यातल्या मॅट रंगांना २०१० पासून लिटरला ३० ग्रॅमची मर्यादा आहे. ५ च्या आत असेल तर उत्तम.

मेख अशी की हा आकडा बऱ्याचदा नुसत्या बेसचा, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या रंगाचा असतो. मशीनमधून जी टिंट सोडतात तिच्यात ग्लायकॉल (तेही व्हीओसीच) असू शकतं, आणि गडद शेडला टिंट जास्त लागते. शून्यवाल्या बेसमध्ये गर्द निळा मारून घेतलात तर ते शून्य दुकानातच राहिलं. शिवाय युरोपच्या व्याख्येत २५० अंशांपर्यंत उकळणारे पदार्थच व्हीओसी धरतात. टेक्सॅनॉल म्हणून एक द्रव्य थर नीट जुळून यावा म्हणून घालतात, ते त्याच्या जेमतेम वर उकळतं. म्हणजे मोजणीतून सुटलं, पण खोलीत हळूहळू सुटत राहतंच.

पाण्यातला रंग डब्यात सडू नये म्हणून आयसोथायाझोलिनोन घालतात ते वेगळंच. ज्यांना त्याची ॲलर्जी असते त्यांना रंग वाळल्यावरही काही आठवडे त्रास होऊ शकतो. "बिनवासाचा" या शब्दाला तर काडीचा अर्थ नाही. आणि प्रायमर, पुट्टी यांचे डबे कुणी वाचतच नाही, तेही वाचा.

घाईतली
निबंध नकोत म्हटलं होतं.

चुनखडी
म्हणून तर चुना म्हणतोय. त्यात ना टेक्सॅनॉल ना ते थायाझो काय ते. इतका अल्कधर्मी की बुरशी सहसा धरत नाही, प्रिझर्वेटिव्हची गरजच नाही. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. आमच्याकडे दुसरं काही लागतच नाही.

रसायनवाला
तो कार्बन डायऑक्साइड चुनखडी भाजतानाच बाहेर पडलेला असतो, वर भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. आणि इमल्शनवर चुना मारून बघा, पोपडे धरून ओढले तर अख्खी पट्टी हातात येते. चुन्याला खाली उघडं प्लास्टर लागतं. बाकी अल्कधर्मी म्हणजेच डोळ्यात उडाला तर डोळा भाजतो, हेही सांगत चला.

चुनखडी
मग जुनं इमल्शन खरवडून काढा. आळस करायचा आणि नाव चुन्याचं खराब.

मातीचा_माणूस
दोघेही थांबा. सिलिकेट रंग. जर्मनीत १८७८ साली काइम (Keim) नावाच्या गृहस्थांनी पेटंट घेतलं, बाइंडर (रंग धरून ठेवणारं द्रव्य) म्हणजे पोटॅशियम सिलिकेट, म्हणजे वॉटर ग्लास. प्लास्टरशी रासायनिक बंध होतो, त्यामुळे पापुद्रा सुटत नाही आणि भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते. क्ले पेंट, म्हणजे मातीचा रंगही छान, फक्त ओल्या जागी नको.

उंबरठा
सिलिकेटलाही खाली प्लास्टरच लागतं. इमल्शनवर मारायचा तर त्यासाठीचा खास प्रायमर. म्हणजे गाडी परत माझ्या पहिल्या प्रश्नावर.

हिरवाई
रंग कुठलाही लावा, खोलीत चार झाडं ठेवा. हवा शुद्ध होते, नासानेच सिद्ध केलंय.

रसायनवाला
तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला होता. राहत्या खोलीत तसा परिणाम हवा असेल तर जंगल लावावं लागेल. खिडकी उघडा.

घाईतली
फडकं घासलं. काही निघालं नाही. एका कोपऱ्यात ओल आहे, तिथे फुगलंय आणि काळे ठिपके आहेत, पण तिथे रंगारी पुट्टी मारणार आहे. वहिनी बाळाला घेऊन पुढच्या आठवड्यात याच खोलीत राहायला येणार, म्हणून घाई. त्याच रंगात आमच्या लहानपणीचा लाकडी पाळणा पण उरकून घेऊ ना? पिवळा आहे, बऱ्याच जागी टवके उडालेत. रंगारी घासून देतो म्हणतोय.

उंबरठा
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! पाळण्याला कुणालाही हात लावू देऊ नका.

रसायनवाला
अगदी. जुना ऑईल पेंट, त्यात पिवळा. लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रंगद्रव्य असण्याची दाट शक्यता. पिवळा, नारिंगी, लाल याच रंगांत शिसं जास्त सापडतं. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ खोलीभर बसते, आणि बाळाचं तर सगळं तोंडातच. शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. हल्ली नव्या रंगांसाठी शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा सुचवतात, जुन्यात त्याच्या कितीतरी पट सापडतं. शिसं तपासायचा घरगुती स्वॅब (पुसून बघायची काडी) चुकू शकतो, खात्री हवी तर टवका प्रयोगशाळेत द्या. वरून नवा रंग मारून भागणार नाही. बाळ कठडा चावतं.

उंबरठा
आणि ओलीवर पुट्टी म्हणजे पैसे पाण्यात. गळती कुठून येते ते शोधा, भिंत वाळू द्या, मग रंग. काळे ठिपके बाळाच्या छातीला नव्या रंगापेक्षा जास्त त्रास देतील. वहिनींना दुसऱ्या खोलीत ठेवा.

घाईतली
म्हणजे सोमवार रद्द?

उंबरठा
रंगाचा रद्द, गळतीसाठी प्लंबर. नंतर भिंत वाळल्यावर लो-व्हीओसी इमल्शन, फिकट शेड, दोन हात. हाताला कोरडा लागला म्हणजे झाला असं नसतं, पुरता मुरायला काही आठवडे जातात, तोवर खिडक्या उघड्या.

चुनखडी
तरी खरवडून चुना मारलात तर...

घाईतली
चुना नको हो काका! बरं, दादा म्हणतोय नवीन कोऱ्या लाकडाचा पाळणा आणू, त्याला जवसाचं तेल लावू. ते तरी बिनविषारी ना?

मातीचा_माणूस
शुद्ध, कच्चं तेल असेल तर हो. "बॉइल्ड" लिहिलेलं घेऊ नका, त्यात लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट-मँगनीजचे ड्रायर असतात. कच्चं वाळायला फार वेळ घेतं आणि तोवर वास मारतं, नैसर्गिक असलं तरी. बाळ यायच्या आत होणार नाही. सध्या कोरंच लाकूड गुळगुळीत घासून वापरा.

आणि पुढे कधी लावलंत तर तेलाची फडकी चुरगळून बादलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. रंगाऱ्यालाही सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

भिंतीला_कान
फिकट म्हणजे ऑफ-व्हाइट की क्रीम?