मऊ शिशाची ओतीव गोळी: वेगाची मर्यादा नक्की कुठे?

ओतारी_ओहायो:
१५८ ग्रेनची (गोळीच्या वजनाचं माप), सपाट बुडाची सेमी-वॉडकटर (सपाट नाकाची) गोळी ओततो. शिसं छपरावरच्या पत्र्याचं, त्यात २ टक्के कथील. साइझिंग डाय (गोळी नेमक्या व्यासाची करणारा साचा) .३५७ इंचाची, ल्यूब (वंगण) अ‍ॅलॉक्स आणि मधमाश्यांचं मेण निम्मं निम्मं. ४ इंची रिव्हॉल्व्हरमधून ३८ स्पेशल काडतुसाला सेकंदाला ८५० फुटांवर नळी स्वच्छ राहते. तीच गोळी ३५७ मॅग्नमच्या १६ इंची लिव्हर कार्बाइनमधून १३५० ला सोडली की दहा-बारा फैरींत नळीत शिशाचे पट्टे दिसतात आणि ५० यार्डांवर गोळ्या ताटभर पसरतात. मऊ शिशाची मर्यादा १००० फूट म्हणतात ती हीच का? कडक मिश्रधातू घेऊ का?

मायक्रोमीटर:
मिश्रधातूला हात लावायच्या आधी सांगा, पट्टे नळीच्या कुठल्या टोकाला आहेत? चेंबरच्या लगेच पुढे असतील तर गोळी बारीक आहे, तिच्या कडेने गॅस निसटतोय आणि शिसं वितळवून नेतोय. तोंडाकडच्या शेवटच्या ४-५ इंचांत असतील तर ल्यूब वाटेत संपतंय. लांबभर सारखे असतील तरच धातूच्या मऊपणावर संशय घ्या.

नळी मोजा. हत्यार रिकामं असल्याची खात्री करा, नळीला आतून तेलाचा हात द्या आणि नळीतल्या पीळदार खाचांच्या व्यासापेक्षा किंचित जाड असा मासेमारीचा मऊ शिशाचा गोळा तोंडाकडून पितळी दांड्याने हलके ठोकत पार न्या. निघालेल्या तुकड्यावर खाचांनी उमटवलेले उंचवटे मोजा. खाचा ६ किंवा १२ असतील तर साधा मायक्रोमीटर चालतो. ५ असतील तर समोरासमोर उंचवटा येतच नाही, त्याला व्ही-अ‍ॅन्व्हिलचा (V आकाराच्या बैठकीचा) लागतो. जो आकडा येईल त्याच्यावर १ ते २ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जास्त, एवढी गोळी हवी. .३५७ ची डाय जवळपास नक्कीच लहान पडतेय. .३५८ किंवा .३५९ घ्या, पण भरलेलं काडतूस चेंबरमध्ये सहज बसतंय ना, ते आधी बघा.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. डायमधून .३५८ ची निघालेली गोळी पितळी केसमध्ये बसवताना आवळून .३५६ होऊ शकते, कारण बहुतेक एक्स्पांडर (केसचं तोंड रुंदावणारे प्लग) तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांच्या मापाने केलेले असतात. एक काडतूस भरा, पुलरने गोळी परत काढा आणि बुडाशी मोजा. मऊ धातूत हे हमखास होतं. जाडसर एक्स्पांडर प्लग घेतला की प्रश्न मिटतो.

ओतारी_ओहायो:
पट्टे चेंबरपासून ३ इंचांतच आहेत. काढलेली गोळी बुडाशी .३५६३ भरली!

काडतूस:
मग निम्मं निदान झालंच. तरी १३५० फुटांना तुमचा धातू मऊच आहे. अंदाजाचा हिशोब असा: ब्रिनेल आकडा (धातूचा कडकपणा) गुणिले १४२० म्हणजे किती पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला गोळीचं बूड फुगून खाचा बंद करतं. शुद्ध शिसं ५, तुमचं ८ च्या आसपास, म्हणजे साधारण ११,००० पीएसआय. ३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,०००, ३५७ ची ३५,०००. दाब यापेक्षा फार चढला की मऊ गोळी खाचांत फिरण्याआधी सरळ घसरते. सापडलेली गोळी बघा: रायफलिंगचे (नळीतल्या पीळदार खाचांचे) ओरखडे बुडाशी अरुंद आणि नाकाकडे रुंद असतील तर ती घसरलीय.

हे दुखणं जुनं आहे. १९३५ मध्ये ३५७ मॅग्नम आलं तेव्हा कारखान्याची गोळीही आवरणाविना, मऊ शिशाचीच होती, आणि नळ्या शिशाने भरायच्या.

३ किलो तुमचं शिसं, १ किलो लायनोटाइप (छापखान्याचा कडक शिशाचा मिश्रधातू): अँटिमनी ३ टक्के, ब्रिनेल १२ च्या आसपास. माप नीट असेल तर सपाट बुडाला १२००-१३०० पर्यंत हे पुरतं. त्यापुढे गॅस चेक, म्हणजे बुडाला तांब्याची टोपी. पण त्याला पायरीच्या बुडाचा वेगळा साचा लागतो. थेट लायनोटाइप ओतू नका. २२ ब्रिनेलची गोळी बारीक असली तर फुगतही नाही, उलट जास्त लेडिंग करते, म्हणजे नळीत शिसं चिकटवते. पाण्यात टाकून कडक करायचा विचार असेल तर तुमच्या आत्ताच्या मिश्रणाला त्याचा उपयोग नाही, अँटिमनीशिवाय ते कडक होत नाही.

पावडरवाला:
साचा बदलायचा नसेल तर पावडर कोटिंग करा. पॉलिएस्टर पावडर, २०० अंश सेल्सिअसला २० मिनिटं. व्यास २-३ थाऊ वाढतो, म्हणून भाजल्यावर साइझ करा. ल्यूबची गरज उरत नाही. स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका.

मायक्रोमीटर:
नवीन गोळी तपासण्याआधी जुनं शिसं पूर्ण काढा, नाहीतर त्यावरच नवं चढतं. जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याची जाळी गुंडाळून कोरडीच फिरवा. व्हिनेगर-पेरॉक्साइडची युक्ती कुठे वाचली असेल तर सोडा, त्यातून विषारी लेड अ‍ॅसिटेट तयार होतं आणि पोलादही खातं.

ओतताना भांडं ३७० अंशांच्या खाली ठेवा. गाडीच्या चाकांची (बॅलन्सिंगची) वजनं वितळवत असाल तर जस्ताची ४१९ ला वितळतात, तोवर ती वर तरंगतात आणि काढता येतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे. वरचं सगळं अमेरिकेपुरतं.

ओतारी_ओहायो:
.३५९ ची डाय आणि एक्स्पांडर मागवलाय. धातू आधी तोच ठेवून १००० फुटांना बघतो, मग लायनोटाइप.

काडतूस:
क्रम बरोबर. दोन्ही एकदम बदललं असतं तर फरक कशाने पडला ते कळलं नसतं.